चादरीमागच्या दोघी

४ जानेवारी

ती. काका,

नमस्कार. सोबतचं पार्सल उघडताना कात्री जपून चालवा. आत साठ फोटो आहेत. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही नुसतं 'हं, हं' करता आणि ठेवल्यावर काकूला विचारता, 'काय म्हणत होती ती?' म्हणून पत्र.

झालंय असं, की मी बुटांच्या कंपनीतली नोकरी सोडली. आईनं सांगितलं असेलच, आणि कोणत्या सुरात सांगितलं असेल तेही मला माहीत आहे. तीन वर्षं मी पांढऱ्या कागदावर बूट ठेवून कॅटलॉगचे फोटो काढले. डावा, उजवा, तळवा, टाच. आता रस्त्यात माणूस दिसला की मी आधी खाली बघते. साहेब मात्र भला माणूस. म्हणाले, 'फेब्रुवारी संपेपर्यंत तुझी जागा भरत नाही. नाही जमलं तर गुपचूप परत ये.'

आणि जमण्यासारखं एक काम समोर आहे. इथल्या हॉस्पिटलची नवी इमारत तयार झालीय. तिथल्या भिंतींसाठी त्यांना वर्षभर फोटो काढणारं कुणीतरी हवंय. सगळा कारभार बघणाऱ्या बाई चोवीस फेब्रुवारीला फोटोग्राफरांना भेटणार आहेत. प्रत्येकानं आपल्या वीस फोटोंचा पोर्टफोलिओ न्यायचा. हे मिळालं तर मी फोटोग्राफर. नाही मिळालं तर एक मार्चला पुन्हा डावा, उजवा, तळवा.

साठातले वीस मला निवडता येत नाहीत, सगळेच माझे वाटतात. लग्नं आहेत, बाळं आहेत, फुलं, डोंगर, इमारती, सगळं घातलंय, म्हणजे हिला काहीही जमतं असं दिसेल. तुम्ही चाळीस वर्षं स्टुडिओ चालवलात. तुम्ही निवडा.

तुमची,
बटण


१४ जानेवारी

प्रिय बटण,

तिशी आली तरी तू स्वतः हे नाव लिहितेस याचा आनंद झाला. पाच वर्षांची असताना माझ्या कॅमेऱ्याचं बटण दाबून स्टुडिओच्या छताचे छत्तीस फोटो काढले होतेस. त्यातले दोन बरे आले होते, हे तेव्हा सांगितलं नाही कारण तुझी आई समोर होती.

पार्सल पोचलं. काकूनं जेवणाचं टेबल रिकामं करून दिलं आणि आम्ही दोघं तीन दिवस खुर्चीवर ताट घेऊन जेवतोय. पोरी, हात फार तयार झालाय तुझा. उजेड कुठून घ्यायचा हे मला पन्नाशीत समजलं, ते तुला आत्ताच कळतं. हे तोंडदेखलं बोलत नाही.

आता निवड. फुलं काढ. डोंगर काढ. इमारती काढ. बाळं तीन ठेव, बाकीची त्या तिघांसारखीच दिसतात. नवरीचे अकरा आहेत आणि अकराही देखणे आहेत, पण त्याबद्दल एक ऐक. एका वर्षी माझ्या शोकेसमधली एक जागा रिकामी होती म्हणून मी शेजाऱ्यांच्या कुत्र्याचा फोटो लावला. चांगला आला होता. त्यानंतर वर्षभर माझ्याकडे कुत्री आली. एकानं तर पोपट आणला. काचेत जे लावशील तेच दारातून आत येतं. अकरा नवऱ्या दाखवल्यास तर बाई म्हणतील, छान, माझ्या मुलीच्या लग्नाला या. हॉस्पिटल राहील बाजूला.

एक विचारायचं होतं. गठ्ठा वाकू नये म्हणून तळाशी एक जाड फोटो घातला आहेस, मागे 'रद्द' असं लिहिलेला. दोन बायका चादर धरून उभ्या आहेत. तो कुठला?

तुझा काका


२१ जानेवारी

ती. काका,

'फुलं काढ.' दोन शब्द. त्या फुलांसाठी मी चार तास चिखलात पालथी पडले होते. तुम्ही निदान 'काढ गं बाई' तरी म्हणायचं.

तुमचं कुत्र्याचं पटलं, हसूही आलं, पण नवऱ्या राहू देत. कुणालाही दाखवल्या की 'वा' म्हणतात. मला चोवीस तारखेला 'वा' ऐकायचंय. आणि राग नसावा, पण तुमची आवड आणि आत्ताच्या लोकांची आवड यांत फरक पडणारच. तुम्ही माझे काका आहात. मी काळं पान पाठवलं असतं तरी उजेडाचं कौतुक केलं असतं.

तो 'रद्द' धरूच नका. एका कंपनीच्या धुलाईयंत्राचे फोटो काढायला मोठ्या लॉन्ड्रीत गेले होते. यंत्राचा कोन बघत होते तेवढ्यात त्या दोघी चादरीची घडी घालायला मध्ये आल्या आणि माझ्याकडून बटण दाबलं गेलं. कंपनीनं 'माणसं मध्ये आली' असं लिहून परत पाठवला. कागद जाड होता म्हणून पुठ्ठ्याच्या जागी घातला.

तुमची,
बटण


२९ जानेवारी

प्रिय बटण,

काढ गं बाई, फुलं काढ. झालं समाधान?

माझ्या आवडीवर तुझा भरवसा नाही, हे ठीकच आहे. म्हणून आता सांगतो. मी आवडीनं काही निवडलंच नव्हतं. स्टुडिओच्या पुढच्या खोलीत आता टेलरमास्तर बसतात हे तुला माहीत आहे, पण रस्त्याकडची शोकेस मी अजून माझ्याकडे ठेवली आहे. तुझे फोटो आले तसा मी रोज सकाळी चार लावतो, आत मास्तरांच्या मशीनशेजारी स्टुलावर बसतो आणि कोण कशापुढे थांबतं ते पुठ्ठ्यावर रेघा मारून मोजतो.

नियम कडक आहेत. दोन्ही पाय थांबले तरच रेघ. काचेत बघून केस सारखे करणारे वजा. बुटाची नाडी बांधायला थांबलेला एक होता, त्याच्यावरून मास्तरांशी वाद झाला, शेवटी वजा केला. तोच तुझ्या फुलांपुढचा दुसरा होता. फुलांपुढे एक. डोंगरांपुढे कुणी नाही. बाळांपुढे सतरा, त्यातल्या बऱ्याच आज्या.

परवा मी तुझा 'रद्द' लावला. नवरीचा सगळ्यात चांगला फोटो त्याच्या शेजारीच ठेवला, समान जागा, समान उजेड. दोन दिवसांचा हिशेब असा: नवरीपुढे अकरा, चादरवाल्या दोघींपुढे तेहतीस.

तो फोटो पुन्हा नीट बघ. सगळीकडे वाफ आहे. ताणलेल्या चादरीतून खिडकीचा उजेड येतोय. धाकटी कशावर तरी हसतेय. मोठीचा चेहरा चादरीआड आहे, पण तिच्या मनगटांकडे बघितलं की ही घडी तिनं हजारो वेळा घातली आहे हे कळतं. काम करणारी माणसं अशी तुला दिसतात, बटण. हॉस्पिटलात तरी दुसरं काय असतं? तुझ्या गठ्ठ्यात असे आणखी आठ-नऊ निघाले: चष्मे घासणारा, शिडीवरचा रंगारी, पाव भाजणाऱ्या बायका. ते पहिले घे. नवरी एक पुरे.

तुझा काका


६ फेब्रुवारी

ती. काका,

तेहतीस. मी पत्र वाचून त्या फोटोची माझ्याकडची प्रत भिंतीला टेकवली आणि अर्धा तास बघत बसले. तुमचं खरं आहे. मला स्वतःचाच फोटो दिसला नव्हता. नवऱ्या काढल्या, एक ठेवली. डोंगर काढताना जीव तुटला, पण काढले. तुम्ही त्या मास्तरांशेजारी स्टुलावर बसून माझ्यासाठी रेघा मारत होता, आणि मी तुम्हाला आवडीचं शिकवत होते. लाज वाटली.

पण अडचण आली आहे. तो फोटो पोर्टफोलिओत घालायचा तर दोघींना विचारायला हवं, म्हणून प्रत घेऊन लॉन्ड्रीत गेले. धाकटी खूश झाली, सगळ्यांना बोलावून दाखवलं. मोठ्या बाईंनी हात पुसले, फोटो लांब धरून बघितला आणि म्हणाल्या, "यात मी कुठंय?"

मी म्हटलं, "ह्या काय, चादर धरलीय त्या."

"हा चादरीचा फोटो आहे, माझा नाही. बावीस वर्षं इथं उभी आहे मी. कुणी फोटो काढला तर त्यात चादर आली आणि माझा ओला एप्रन आला. नको लावू."

मी उजेडाबद्दल काहीतरी बोलले. मनगटांबद्दल बोलले. त्या ऐकून घेत होत्या, पण मी बोलत होते ते त्यांच्या उपयोगाचं नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "काढायचा तर नीट समोर उभं करून काढ. घरी लावता येईल असा."

काका, मला हेच येत नाही. चालत्या कामातला माणूस मला पकडता येतो. समोर उभा राहून माझ्याकडे बघणारा माणूस मी कधी काढलेलाच नाही. नवऱ्यासुद्धा आपल्या नादात असतानाच काढल्या, आणि तीन वर्षं बूट, ते कुठं बघतात? मी बाईंना उभं केलं आणि चार फोटो काढले. सोबत पाठवतेय. चौकीत ओळख पटवायला उभ्या केल्यासारख्या दिसताहेत. अठरा दिवस उरलेत. चादरीचा फोटो वगळू का?

तुमची,
बटण


१० फेब्रुवारी

प्रिय बटण,

वगळू नकोस आणि बाईंचं मन वळवायलाही जाऊ नकोस. त्या बरोबर बोलल्या. माणसाला आपण कसे दिसतो यापेक्षा आपण कोण आहोत ते फोटोत हवं असतं. माझा सगळा धंदा त्यावर चालला. मी तुझी ती हलती, जिवंत चित्रं बघून इथं मनातल्या मनात म्हणत होतो, आपण आयुष्यभर लाकडी माणसंच उभी केली. तुझ्या बाईंना माझ्यातलंच काहीतरी हवंय, याचं मला फार बरं वाटलं. काकूला दोनदा सांगितलं.

आता नीट ऐक. तुझ्या चारही फोटोंत कॅमेरा तुझ्या डोळ्यांच्या उंचीवर आहे, आणि तू बाईंपेक्षा उंच आहेस. खाली ये. त्यांच्या छातीच्या उंचीवर कॅमेरा ठेव, म्हणजे फोटोत तू त्यांच्याकडे वरून बघणार नाहीस.

'हसा' म्हणू नकोस. 'हनुवटी वर' म्हणू नकोस, माणूस आखडतो. त्यांना विचार, कसं उभं राहायचंय, कुठं उभं राहायचंय, काय घालायचंय. त्यांनी ठरवलं की अर्धं काम झालं. हातांचं काय करायचं ते कुणालाच कळत नाही, तेव्हा हात कुठं ठेवू असं त्या विचारतील. त्यांचं यंत्र असेल ना, त्यावर एक हात ठेवायला सांग. आपली वस्तू हाताखाली आली की खांदे आपोआप उतरतात. वजन एका पायावर.

आणि माझी एक युक्ती, जी मी हाताखालच्या कुणालाच सांगितली नाही. पहिला फोटो काढायचा म्हणून काढ. आवाज झाला की माणसाला वाटतं, सुटलो. तो श्वास सोडतो आणि तुझ्याकडे, कॅमेऱ्याकडे नाही, तुझ्याकडे बघतो. तो खरा फोटो. बोट उचलू नकोस.

तुझा काका


१८ फेब्रुवारी

ती. काका,

काढला. घाईत लिहितेय, अल्बम बांधायला द्यायचाय.

मोठ्या बाईंनी दिवस ठरवला, शनिवारची अर्धी सुट्टी झाल्यावर. इस्त्रीची साडी नेसून आल्या, केस विंचरून. मी विचारलं, कुठं उभं राहायचं? त्यांनी मला तीन खोल्या फिरवल्या आणि सगळ्यात जुन्या यंत्रापाशी नेलं. धाकटी म्हणाली, मी पण. मोठी म्हणाली, ये, पण हसू नकोस. मी गुडघ्यांवर बसले. हात यंत्रावर. पहिला फोटो काढला, दोघी ताठ. आवाज झाला, बाईंनी श्वास सोडला आणि माझ्याकडे बघितलं. बोट उचललं नव्हतं.

काका, हे तुम्हाला येत होतं आणि तुम्ही चाळीस वर्षं त्याला लाकडी म्हणत होता. त्या बाई अशा उभ्या आहेत, की सगळी लॉन्ड्री त्यांची आहे असं वाटतं. प्रत दाखवायला गेले तर त्यांनी हात पुसून ती लांब धरली. मग म्हणाल्या, "ही मी." जाताना मला परत बोलावून म्हणाल्या, "आता तो चादरीचा पण लाव. हा शेजारी असला की कळेल लोकांना, चादरीमागं कोण आहे."

तर आता वीस फोटो असे: शेवटच्या दोन पानांवर समोरासमोर एकीकडे चादर, एकीकडे त्या दोघी. रंगाऱ्याला आणि चष्मेवाल्यालाही विचारून आले. नवरी काल काढून टाकली. तेहतीस रेघांच्या जिवावर जाते आहे.

तुमची,
बटण


२२ फेब्रुवारी

प्रिय बटण,

प्रत मिळाली. फोटो बघून मी जिन्यात जाऊन बसलो. काकूला वाटलं गुडघा दुखतोय. मी तिला तेच सांगितलं.

इतका चांगला फोटो माझ्या हातून कधी झाला नाही. मला युक्ती माहीत होती, पण मी ती गिऱ्हाइकाचं समाधान होण्यापुरती वापरली. तू त्या बाईंना तीन खोल्या फिरू दिलंस. मी कुणाला खुर्चीसुद्धा निवडू दिली नाही.

आता एक कबूल करायचंय. रेघांच्या जिवावर जातेस असं लिहिलंस, ते वाचल्यापासून अन्न गोड लागत नाही. मी आकडे उलटे लिहिले. दोन्ही आकडे खरे, फक्त जागा बदलल्या. नवरीपुढे तेहतीस माणसं थांबली, चादरीपुढे अकरा. टेलरमास्तर साक्षीला आहेत आणि तेव्हापासून मला खोटारडा म्हणताहेत. मी पहिल्याच दिवशी टेबलावर तो फोटो उलटा करून बघितला आणि हाच तुझा खरा फोटो हे मला कळलं होतं. पण नुसतं माझं मत म्हणून सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, काका आहे, कौतुक करणारच. तसं तू म्हणालीसही.

एवढं मात्र खरं, की त्या अकरांतली एक बाई आत आली आणि मास्तरांना विचारलं, "ह्या दोघी कोण?" नवरी कोण, हे कुणी विचारलं नाही. पण ही एकच बाई, आणि मोजायची तर रेघ एकच.

नवरी परत घालायची असेल तर अजून वेळ आहे. हे पत्र वेळेत पोचो.

तुझा काका


२७ फेब्रुवारी

ती. काका,

तुमचं पत्र पंचवीसला आलं. म्हणजे मी खोट्या तेहतिसांना बरोबर घेऊनच गेले होते.

आम्ही नऊ जण होतो. प्रत्येकाच्या मांडीवर अल्बम, आणि शेजाऱ्याचा चुकून दिसला तर बघायचा असं सगळ्यांचंच चाललेलं. माझ्या शेजारच्याकडे फार सुंदर डोंगर होते. वाटलं, आपण काय रंगारी आणि लॉन्ड्री घेऊन आलोय.

हॉस्पिटलच्या बाईंनी पानं भराभरा उलटली. पाववाल्या बायका, शिडी, चष्मे, कुठंही थांबल्या नाहीत. शेवटच्या दोन पानांवर मात्र हात थांबला. चादरीकडे बघितलं, मग समोर, मग परत चादरीकडे.

"ह्या त्याच का?"

"हो."

"हा आधी काढला, मग हा?"

मी खरं ते सांगितलं. पहिला आवडला नाही म्हणून लॉन्ड्रीतल्या मोठ्या बाईंनी मला नाही म्हटलं, मला उभं करून काढता येत नव्हतं, काकांना पत्र लिहून विचारलं, आणि कुठं उभं राहायचं ते त्या मोठ्या बाईंनीच ठरवलं. सांगताना वाटत होतं, आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय. येत नव्हतं असं कुणी सांगतं का?

बाई म्हणाल्या, "आधीच्या सगळ्यांनी मला डॉक्टर कसे दाखवू ते सांगितलं. आमच्याकडे तीनशे बारा माणसं काम करतात. त्यातल्या बहुतेकांना इमारतीत कुणी बघतच नाही. हे असं तीनशे बारा वेळा जमेल?"

मी हो म्हटलं. दुपारी फोन आला. काम माझं आहे, काका. बुटांच्या साहेबांना जागा भरा म्हणून कळवून टाकलं. आई आधी रडली, मग तुम्हाला फोन करते म्हणाली. तुम्ही 'हं, हं' केलं असेलच.

आकड्यांचं वाचून मी तुमच्यावर चिडायला बसले होते, पण जमलं नाही. तुम्ही खरे आकडे कळवले असते तर मी अकरा नवऱ्या घेऊन गेले असते आणि एक मार्चपासून पुन्हा टाच पांढऱ्या कागदावर ठेवत बसले असते. मला माणसं दिसतात असं तुम्ही लिहिलंत. ते मला कळण्याच्या आधी तुम्हाला मी दिसले होते. माझ्यावर इतका भरवसा मी स्वतःसुद्धा ठेवला नव्हता.

आता शेवटचं. सोमवारी तळमजल्यापासून सुरुवात आहे, दिवसाला चार माणसं. तीनशे बारा वेळा जमेल हे मी मान उंच करून सांगितलं, पण मला ते आत्तापर्यंत एकदाच जमलंय, आणि तेही तुमचं पत्र खिशात ठेवून. मला भीती वाटतेय. हे मी आईला सांगितलेलं नाही, हॉस्पिटलच्या बाईंना तर नाहीच. त्यांना एवढंच सांगितलं, की आम्ही दोघं आहोत.

रविवारी निघा, काका.

तुमची,
बटण